ऐरणीवरचे दोन ठोके

गिरीज गावच्या शाळेला प्रदर्शनासाठी द्यायची म्हणून बाबांची लोहारकामाची सगळी अवजारं मी ओटीवर मांडली आणि एकेकावर चिठ्ठी लावत बसले. आतल्या खोलीत आई होती. तीन दिवस घरघर लागली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, पण तिचा जीव जात नव्हता.

"हा सांडस, तापलेलं लोखंड धरायचा. हा घन, तो तुझी आय मारायची," बाबा सांगत होते.

"आणि ही एवढीशी हातोडी?"

"ती माझी. हिनं रिकाम्या ऐरनीवर दोन ठोके दिले का आयनं घन खाली ठेवायचा. तोवर हात भरून आले तरी ती थांबायची नाय."

"वाजवून दाखवा ना, बाबा."

बाबा आईच्या खोलीकडे बघत राहिले. मग त्यांनी हातोडी उचलली आणि ऐरणीवर सावकाश दोन ठोके दिले.

 

'थांबायची खूण' असं चिठ्ठीवर लिहून मी मान वर केली, तेव्हा आतली घरघर थांबली होती.