अर्धी दाढी

माझ्या सलूनमध्ये सात भाषांची डोकी येतात. आतून कितीही भणभणली तरी डॉक्टरकडे जात नाहीत, माझ्याकडून चेपून घेतात. म्हणून समुपदेशनवाल्या बाईंनी आम्हा दुकानदारांनाच दोन दिवस शिकवलं, "कुणी फार गप्प वाटला तर आडून आडून नको, सरळ विचारा. जीव द्यायचं मनात येतं का?" तो एक प्रश्न मी सातही भाषांत घोकला.

बायको म्हणाली, "अहो, वस्तरा हातात घेऊन विचारणार? गिऱ्हाईकं पळवून लावाल अशानं."

खोटं नव्हतं. पहिला खुर्चीतून उडालाच. दुसरा म्हणाला, "तुझे दर बघून येतं." तिसऱ्याने उलट माझ्याच तब्येतीची चौकशी केली.

चौथा कोपऱ्यावरचा बेकरीवाला. एक गाल झाला होता. मी त्याच्या भाषेत विचारलं, तर त्याने डोळे मिटले आणि हनुवटी आणखी वर करून गळा वस्तऱ्यापुढे धरला.

मी वस्तरा मिटून खिशात घातला आणि बाईंना फोन लावला. त्यांनी त्याची भाषा बोलणारा माणूस फोनवर दिला. दोघं तासभर बोलले. फोन ठेवून बेकरीवाल्याने डोळे पुसले आणि दुसरा गाल पुढे केला.

"तो उद्या," मी म्हटलं.

"असा जाऊ? लोक हसतील!"

"हसू देत. सकाळी ये."

सकाळी शटर उघडायला गेलो, तर तो आधीच दारात, गाल झाकून माझ्या आईबापाचा उद्धार करत उभा. त्याला आत बसवलं, राहिलेला गाल केला, मिशी अर्धी उडवली आणि म्हटलं, "उरलेली उद्या."