चढती रेघ

सासऱ्यांनी कागदावर कंपनीचा निव्वळ नफा मांडला होता: पाच वर्षं चढती रेघ. “सूनबाई, सगळी पुंजी डोळे झाकून हिच्या शेअरमध्ये घालतो.” “थांबा बाबा, नफा वाढला कशाने ते बघू.” मी वार्षिक अहवाल उघडला. एकूण विक्री होती तिथेच होती. पगारही तेवढेच. फक्त सुट्या भागांवरचा खर्च दरवर्षी निम्मा होत गेला होता. “म्हणजे काटकसरी माणसं!” सासरे खूश. “बाबा, ही कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. आपलीसुद्धा.” तेवढ्यात सासूबाईंचा फोन: “अगं, छकुलीला शाळेतून आणलंय. लिफ्टमध्ये शिरतोय, दार उघडून ठेव.” “आई, जिन्याने या!” म्हणेपर्यंत फोन कटला. मी अनवाणीच बाहेर धावले. लिफ्टच्या दारावरचा लाल आकडा चढत होता. दोन. तीन. चार. तिथेच थांबला. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो.