समर्थचं बोरन्हाण

पहिलं माप समर्थच्या डोक्यावर रिकामं झालं आणि पोरं तुटून पडली.

बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या, आणि हल्ली या सगळ्यांना मागे टाकणारी चकचकीत कागदातली चॉकलेटं. ज्याचं बोरन्हाण होतं तो दोन वर्षांचा समर्थ काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसला होता आणि घाबरून डोळे मिचकावत होता. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. त्याची आई नम्रता धरून हॉलमधल्या सगळ्या बायका कमलाकाकूंच्या तोंडाकडे बघत होत्या.

काकूंच्या बालवर्गात जूनमध्ये कोणाला घ्यायचं ते काकू स्वतः ठरवत. मुलाखत वगैरे नाही. पोर नुसतं बघतात म्हणे, आणि त्यांना कळतं. आज त्या सोफ्यावर बसून बघत होत्या.

"हा गंधार ना गो? तुझा पुतण्या?" त्यांनी नम्रताला विचारलं.

गंधार चॉकलेटांवर पालथा पडला होता. पोटाखाली हात घालून ओढत होता आणि मागे लाथा झाडत होता. एका मुलीच्या हनुवटीला त्याची टाच लागली.

"धोरणी आहे," काकू म्हणाल्या. "आधी जागा धरतो, मग गोळा करतो."

नम्रता अशी लाजली, जसा काही गंधार तिनेच घडवला होता.

ऋतिका फ्रॉकचा ओचा भरून आणायची, आईच्या पर्समध्ये ओतायची, आणि 'मला काहीच नाही मिळालं' म्हणत परत जायची. तिची आई पर्सची चेन उघडी धरून वर पंख्याकडे बघत होती.

"ही कुठे अडायची नाही," काकू म्हणाल्या.

सोफ्याशेजारी बसलेल्या मनस्विनीला हे बघवेना. एवढीएवढीशी पोरं, आणि ही बाई त्यांना आंब्यासारखी दाबून बघत्येय. हा चांगला म्हणून पेटीत, तो डागी म्हणून कॅनिंगला. आणि बाकीच्या माना डोलावतायत. मनस्विनीने कॉलेजात मानसशास्त्र घेतलं होतं. प्रत्येक मूल वेगळं असतं, हे तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. मनातल्या मनात तिने काकूंना पार गुंडाळून ठेवलं. तोंडाने म्हणाली, "काकू, तुमची नजर म्हणजे अगदी."

"तुझी कुठली?"

मनस्विनीने बोट दाखवलं. चार वर्षांची ईशा सगळ्यांकडे पाठ करून भिंतीशी उकिडवी बसली होती. तिच्या हातात एकच बोर होतं, तेही किडकं. भोकातून अळी डोकं बाहेर काढत होती, आणि अळीला वारा लागू नये म्हणून ईशा श्वाससुद्धा बेताने घेत होती.

"काय करत्ये ती?"

"अळी बघत्ये," ऋतिका जाता जाता म्हणाली. बायका हसल्या.

"तिला असं बारीक काही बघायला आवडतं," मनस्विनी म्हणाली.

"असेल हो. पण थंड आहे गो जरा. असली पोरं वर्गात मागे राहतात, आणि मग आया भांडायला येतात माझ्याशी."

काकूंनी मान दुसरीकडे वळवली. मनस्विनीला जून दिसला. ऋतिका काकूंच्या वर्गाला जाणाऱ्या रिक्षात, आणि ईशा घराच्या खिडकीत.

नम्रता दुसरं माप भरायला आत गेली तशी मनस्विनी उठली. भिंतीशी जाऊन तिने लेकीचा दंड धरला. आवाज गोड ठेवला, बोटं नाही.

"टाक ते. आता पडलं की घ्यायचं."

"मला नकोय."

"नको असलं तरी घ्यायचं. सगळे घेतायत ना? पडलेलं नाही मिळालं तर कोणाकडचं तरी घे, पण रिकाम्या हाताने येऊ नकोस. काकू बघतायत."

ईशाने आईच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग बोर जमिनीवर ठेवलं आणि उभी राहिली.

दुसरं माप पडलं. पुन्हा झोंबाझोंबी सुरू झाली. ईशा तिच्यात शिरलीच नाही. बाहेरून वळसा घालून ती सरळ पाटापाशी गेली. समर्थच्या मांडीत एक चॉकलेट पडलं होतं आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच तो खूश दिसत होता. त्याने ते मुठीत घट्ट धरलं होतं. ईशा त्याच्यासमोर बसली. तिने ती मूठ आपल्या हातात घेतली आणि करंगळीपासून सुरुवात करून, अजिबात घाई न करता, उघडली.

समर्थने आधी नुसतं पाहिलं. मग त्याने टाहो फोडला.

काकू पुढे वाकल्या, आणि खळखळून हसल्या.

"अगो, ही तर सगळ्यांच्या वरताण निघाली. गर्दीत शिरलीच नाही, थेट मालकालाच धरलंन." त्या मनस्विनीकडे वळल्या. "जूनपासून पाठव हो हिला."

मग सगळ्याच हसल्या. नम्रताही हसली, रडणाऱ्या पोराला कडेवर थोपटत. "असू दे गो, लहान आहेत."

"हो काकू. थँक्यू काकू," मनस्विनी म्हणाली. तिला एकदम मोकळं वाटलं.

ईशा आली. समर्थच्या मुठीत चिंबलेलं ते चॉकलेट तिने आईच्या तळहातावर ठेवलं.

"घे. तुला हवं होतं ना."

मग तिने आईच्या काळ्या साडीच्या निऱ्या ओढून घेतल्या आणि आपली चिकट बोटं एकेक करून त्यांना पुसली.