नवसाची साडी

एसटीतून उतरताच पुतळाबाईंनी पिशवी वैशालीच्या हातून काढून स्वतःकडे घेतली. पिशवीत देवीची साडी होती, खण होता, नारळ होते. नवसाचं सामान सुनेच्या हाती नको असेल, असं समजून वैशाली मागून चालू लागली.

वज्रेश्वरीची जत्रा ऐन भरात होती. पाळणे फिरत होते, भोंगे कोकलत होते, मिठाईच्या दुकानांवर माशांची आणि माणसांची सारखीच झुंबड. मृणालीला पाळण्यात बसायचं होतं. लेकीचा चेहरा बघून वैशालीलाही क्षणभर हुरूप आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. लडकूला जाऊन अजून वर्ष फिरलं नव्हतं. नवरा गेलाय आणि ही चालली जत्रेला, म्हणून शेलार गावातल्या बायकांनी नाकं मुरडलीच होती. खुद्द सासू घेऊन निघाली, म्हणून तोंडावर कुणी बोललं नाही एवढंच.

लडकू दारूने गेला. दवाखान्यात त्याला नळ्या लावल्या, तेव्हा पुतळाबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. पदराच्या गाठीत रुपया बांधून, डोळे मिटून त्या देवीला नवस बोलल्या. एकुलता एक मुलगा, आईचं काळीज! बघणाऱ्यांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी लडकू गेला.

तेव्हापासून म्हातारी सुनेशी कामापुरतंच बोलायची. वैशालीला धास्ती होती ती वेगळीच. लडकू गेला त्या आठवड्यात ती कितीतरी वर्षांनी गाढ झोपली होती. जाग आली तेव्हा सासू उशाशी बसून तिच्याकडे टक लावून बघत होती. म्हातारीने आपलं सुख ओळखलं, आता ती आपल्याला या घरात ठेवत नाही, असं वैशालीच्या मनाने घेतलं. घर सासूच्या नावावर, आणि माहेरी कुणी उरलेलं नाही. त्यात काल पुतळाबाई म्हणाल्या होत्या, "देवीचं होऊ दे, मंग तुझ्या-माझ्यात काय ते बोलू."

रांगेत ऊन मी म्हणत होतं. लांब बाह्यांच्या ब्लाउजमध्ये वैशाली घामाने निथळत होती, पण बाह्या वर करायची तिला सवयच नव्हती. पुतळाबाईंनी नातीला बर्फाचा गोळा घेऊन दिला, तिचं तोंड पुसलं, सुनेकडे मात्र बघितलं नाही. पोरीला ठेवून घेईल आणि आपल्याला घालवेल, या विचाराने वैशालीने मृणालीचा हात घट्ट धरला.

देवळाच्या पायऱ्यांवर गावचाच रामनाथ भेटला. दवाखान्यातल्या त्या रात्री तोही सोबत होता. पिशवीतली साडी बघून त्याला भरून आलं.

"काकी, देवीनं तुमचं ऐकलं न्हाय," तो हळूच म्हणाला. "नवस फळला न्हाय, मंग फेडायचा कशाला?"

वैशालीने मान खाली घातली. आता म्हातारीचा बांध फुटणार, आणि सगळा राग आपल्यावर निघणार, असं तिला वाटलं.

पुतळाबाईंनी साडी बाहेर काढली आणि वैशालीचा हात ओढून त्या साडीवर ठेवला.

"ऐकलं तिनं," त्या रामनाथला म्हणाल्या. "माझी सून वाचव, असं म्हनलं होतं मी."