कळलावीचा कंद

अतिनील दिव्याखाली सिलिकाच्या पट्टीवर दोन गडद ठिपके दिसले, अगदी एकाच उंचीवर, म्हणजे द्रव्य एकच. डावा प्रयोगशाळेतल्या शुद्ध कोल्चिसिनचा होता. उजवा बाबांनी घेतलेल्या शेवटच्या काढ्याचा. उरलेला काढा मी घरून बाटलीत भरून आणला होता.

महिन्यापूर्वी मीच त्यांना फोनवर सांगितलं होतं, "बाबा, तुमच्या सुजलेल्या अंगठ्याची गोळी आपल्या कळलावीच्या कंदापासूनच करतात." गोळीत कोल्चिसिन जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतं. कंदात ते जीव घेण्याइतकं असतं, हे सांगायचं राहिलं. बाबांनी कुंपणातले कंद खणून काढले आणि आईने ते उकळून दिले.

संध्याकाळी घरी पोचले, तर आई दारातच उभी होती.

"खरं सांग. माझ्या हातून गेले का गं ते?"

"नाही, आई. काढ्यात काहीच नव्हतं. त्यांचं हृदयच थकलं होतं."

ती पायरीवर बसली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "मनावरचं ओझं उतरलं बघ. आता शेजारच्या यमुताईंना द्यायला हरकत नाही. गुडघे धरलेत त्यांचे, कालपासून काढा मागतायत. दोन कंद उरलेत अजून."

ती उठून स्वयंपाकघराकडे निघाली. मी तिचा हात धरला.

"नको देऊस, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. का, ते तिने विचारलं नाही.