वेदीपुढचं उत्तर

त्या पत्राला त्याने चाळीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. लग्नानंतर आठवड्याभरात, लग्न लावणाऱ्या फादरांकडून आलेलं ते पत्र शब्दकोशात पडून होतं. छापखान्यात प्रुफं तपासताना लोकांच्या चुका त्याने जन्मभर लाल शाईने दाखवल्या. हे पत्र वाचून मात्र कोश मिटला, तो मिटलाच.

आज मेहुणा त्याच पत्राची चर्चमधली प्रत घेऊन आला होता.

"दाजी, रविवारी तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं म्हणून आशीर्वाद ठरवला, आणि नवे फादर म्हणतात, तुमचं लग्न कागदोपत्री अर्धवट आहे! हे काय झेंगट?"

"यांचं पूर्ण काय असतं?" शिलाई मशीनवरून बायको म्हणाली. मग खडखडाटात पुटपुटली, "मेंगळट कुठले."

त्याला शब्दन् शब्द ऐकू आला. तिचं पुटपुटणं त्याच्या कानातून कधी निसटत नसे.

मेहुण्याने चष्मा चढवून मोठ्याने वाचलं. "वेदीपुढे मी प्रश्न विचारले, तेव्हा एक उत्तर मला ऐकू आलं नाही, साक्षीदारांनाही नाही. ऑर्गन लवकर सुरू झाला आणि मीही पुढे रेटलं. पण लग्न पाद्री लावत नाही, दोघांच्या मोकळ्या मनाचा होकार लावतो. तो नसेल तर ते लग्नच नव्हे. काय झालं ते लिहून कळवा."

कागद खाली ठेवून मेहुणा हसला. "एक उत्तर म्हणे! कुणाचं ते सांगायला ज्योतिषी नको. तुम्ही भाजीवाल्याशीसुद्धा कुजबुजता."

मशीन थांबलं.

"चाळीस वर्षं दडवलंत?" तिने विचारलं.

"राहून गेलं."

"राहून गेलं! दूध उतू जाईपर्यंत तुमचं राहून जातं, ते एक समजू शकते."

"आता भांडू नका," मेहुणा म्हणाला. "दाजी, लिहा, सगळं रीतसर झालं. मी साक्षीदार होतो. हिच्या पाठीशी उभा होतो, हातभर अंतरावर."

"हातभरही नव्हतं," ती म्हणाली.

"तू गप्प बस. लग्न रद्द झालं तर या वयात माझ्याच दारात येऊन बसशील."

"तुझ्या दारात? त्यापेक्षा रस्ता बरा. माझं मशीन आहे."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. या घरात वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. गिऱ्हाइकांशी बोलताना ती त्याला 'या घरातले' म्हणे, 'माझे मिस्टर' कधीच नाही. लग्नाची अंगठी बटणांच्या डब्यात होती. जेवण वेळेवर मिळे. पण ताट असं आदळे, की भूकच पळावी. एक ओळ लिहिली की हा सगळा आवाज बंद होणार होता. मशीनचासुद्धा. दुसरी एक ओळ लिहिली की तो आवाज मरेपर्यंत चालणार होता.

"लिहा की," ती म्हणाली. "कान शाबूत आहेत, हातही आहेत."

त्याने पोस्टकार्ड काढलं. पहिलं फाडलं. दुसरंही फाडलं.

"दोन शब्दांना एवढा वेळ?" मेहुणा खेकसला. "आणा इकडे, मी लिहितो."

त्याने परीक्षेतल्या पोरासारखी तळहाताचा आडोसा केला. लिहून झाल्यावर मेहुण्याने हात पुढे केला.

"द्या, जाताजाता टाकतो."

"नको. मीच टाकतो."

चाळीस वर्षांत त्याने मेहुण्याला प्रथमच नकार दिला होता.

कोपऱ्यावर टपालपेटी होती. तो काठी टेकत निघाला. मागून मेहुणा ओरडला, "रीतसर लिहिलंत ना?" त्याने वळून पाहिलं नाही. वर खिडकीत ती उभी होती, हातात शिवणाची कात्री.

कार्ड पेटीच्या तोंडाशी धरून त्याने एकदा वाचलं आणि सोडून दिलं. त्यावर एवढंच होतं: 'माझा होकार सगळ्यांनी ऐकला. ती "नाही" म्हणाली, ते फक्त मी ऐकलं.'