डोळे मिटल्यावर

आमेन म्हणायच्या आतच रुओलानने डोरीनच्या डोळ्यात बोट घातलं.

डोरीन ओरडली. पेजेचा वाडगा कलंडला. हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. चार वर्षांची रुओलान खुर्चीवर उभी राहून किंचाळत होती आणि आता हार्लनच्या पापण्या ओढत होती. त्याने डोळे उघडून तिचे हात धरले, तशी ती गप्प झाली. खाली बसली आणि अंडं सोलायला लागली. जणू काही झालंच नव्हतं.

"काल दुपारी हेच, रात्री हेच," हार्लन डोरीनला, त्याच्या बायकोला, म्हणाला. "एरवी शहाणी आहे. देवाचं नाव घेतलं की अंगात येतं हिच्या."

"अंगात काही येत नाही," टॅबिथा म्हणाली. ती त्यांची स्वतःची मुलगी, चौदा वर्षांची. "तुमची प्रार्थना केवढी लांब, डॅड! पेज गार होते. मलाही कधी कधी बोट घालावंसं वाटतं."

"तू गप्प बस."

डोरीनने ओला रुमाल डोळ्यावर धरला होता. पापणीवर ओरखडा उठला होता. दुसऱ्या हाताने ती सांडलेली पेज पुसत होती. हार्लनला तेच जास्त लागलं.

या मुलीला दत्तक घ्यायला ते अमेरिकेतल्या आयोवाहून चीनला आले होते. गावात सगळं चर्च वाट बघत होतं. बायकांनी हिच्यासाठी गोधडी शिवून ठेवली होती. हार्लन त्या चर्चचा वडीलधारा. त्याच्या घरात आजोबांच्या काळापासून हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना केल्याशिवाय कोणी घास घेतला नव्हता. आणि या पोरीला नेमकं तेच सहन होत नव्हतं.

रुओलान कालच अनाथाश्रमातून त्यांच्या ताब्यात आली होती. नको म्हणायचं तर आज दुपारपर्यंतच म्हणता येणार होतं. त्यानंतर ती कायमची त्यांची.

"मी फांगला फोन केलाय," हार्लन म्हणाला. फांग त्यांची दुभाषी. "अनाथाश्रमात जाऊ. संचालिकाबाईंशी बोलू."

"काय बोलणार?" डोरीनने विचारलं.

"तिला आपलं घर नको असेल तर..."

"कोण म्हणालं नको आहे?"

"तुझा डोळा म्हणतोय."

गाडीत टॅबिथा पुढे बसली, रुओलान मागे दोघांच्या मध्ये ताठ. रात्रीही ती झोपली नव्हती. हार्लनने कूस बदलली की ती पलंगावर बसलेली दिसायची, नजर त्यांच्यावर. आता तिची मान कलंडत होती. कलंडली की ती दचकून जागी व्हायची आणि आधी डोरीनकडे, मग हार्लनकडे बघायची.

हार्लन खिडकीबाहेर बघत राहिला. काय बोलायचं ते त्याने मनात जुळवलं होतं. वाक्यं नीट होती. तरी तो ती पुन्हा पुन्हा जुळवत होता.

अनाथाश्रमाच्या अंगणात एक पांढरी गाडी उभी होती. दुसरं एक जोडपं एका मुलाला न्यायला आलं होतं. फांग फाटकाशीच भेटली. "बाई त्यांच्याच कामात आहेत," ती म्हणाली. "थोडं थांबू या."

मुलांना सांभाळणाऱ्या चुनमावशीने टाळ्या वाजवल्या. मुलं धावत आली आणि भिंतीलगतच्या बाकावर ओळीने बसली. मावशी काहीतरी म्हणाली. सगळ्यांनी तळहात डोळ्यांवर ठेवले आणि सुरात आकडे म्हणायला सुरुवात केली. ते जोडपं मुलाला कडेवर घेऊन चवड्यांवर चालत गाडीत बसलं. दार हळूच लागलं. गाडी निघून गेली.

"कसला खेळ आहे हा?" डोरीनने विचारलं.

"खेळ नाही, पाठवणी आहे," फांग म्हणाली. "समोरून कोणी गेलं की बाकीची मुलं गाडीमागे धावतात, रडतात. म्हणून इथे डोळे मिटायला लावतात. उघडले की एक जण गेलेला असतो. मग सगळ्यांना खाऊ."

मुलांनी डोळे उघडले. बाकावर एक जागा रिकामी होती. एक मुलगा तिच्याकडे बघत राहिला. जाणारा माणूस जाताना दिसला नाही, की त्याची वाट बघणं संपत नाही.

चुनमावशीचं लक्ष आता यांच्याकडे गेलं. हे निघालेत असं तिला वाटलं असावं. तिने पुन्हा टाळ्या वाजवल्या. बाकावरची मुलं डोळे झाकायला लागली. सवयीने तिने रुओलानलाही हाक मारली.

रुओलान बाकाकडे गेली नाही. तिने एका मुठीत हार्लनची पँट धरली, दुसऱ्या मुठीत डोरीनचा कोट. डोळे ताणून ती दोघांकडे बघत राहिली. पापणी लवू देत नव्हती. डोळ्यांतून पाणी आलं तरी नाही.

हार्लनला सकाळी पापण्या ओढणारी तिची बोटं आठवली.

संचालिकाबाई बाहेर आल्या. "काही अडचण आहे का, विचारतायत," फांग म्हणाली.

"त्यांना सांग," हार्लन म्हणाला, "आमच्या मुलीचे कपडे राहिले असतील तर न्यायला आलोय."

परतताना रस्त्याकडेच्या खानावळीत ते जेवायला थांबले. वाफवलेले पाव आले. चौघांनी हात धरले. टॅबिथाने सवयीने डोळे मिटले.

"टॅबी, डोळे उघड."

"का? देव रागावेल ना!"

"त्याचं मी बघून घेईन."

उघड्या डोळ्यांनी त्याने जन्मात प्रार्थना केली नव्हती. पाठ असलेले शब्द आठवेनात. तो अडखळत बोलत राहिला. रुओलानने त्याच्याकडे बघितलं, मग डोरीनकडे, मग टॅबिथाकडे. पुन्हा त्याच्याकडे. तिघांचेही डोळे उघडे होते. तिची मान हळूहळू डोरीनच्या दंडावर टेकली.

आणि आमेन म्हणायच्या आतच रुओलानने डोळे मिटले.